छापलेलं उसवत नाही

माझ्या आत्याला आमच्या गल्लीत नावानं कुणी ओळखत नाही. कात्रीबाई म्हणतात. शिवणकाम करते म्हणून नव्हे. शिवणारे गल्लीत आणखीही आहेत, त्यांना कुणी कात्री म्हणत नाही. समोरचा बोलायला लागला की ही त्याचं वाक्य मध्येच कापते आणि उरलेला तुकडा त्याच्याच हातात देते, म्हणून कात्रीबाई. पोस्टमनसुद्धा तसंच विचारत येतो. तिला ते माहीत आहे आणि त्याचं तिला काही वाटत नाही. "कात्री आहे म्हणून कापड सरळ आहे," म्हणते.

खाली दुकान, वर घर. दुकानात दोन मशीनं, कातरायचं लांब टेबल, आणि कोपऱ्यात कपडे घालून बघायची खोली. खोली कसली, भिंतीतल्या खाचेला पडदा लावलेला. आत एक आरसा आणि एक खुंटी. आम्ही सगळे तिला पडद्याची खोली म्हणतो. दुकान उघडायच्या आधी आत्या तिथं शिरते, आरसा उलटा करून भिंतीला टेकवते, पडदा ओढते आणि देवाशी बोलते. काय बोलते ते आजवर कुणी ऐकलेलं नाही. तिचे यजमान, आमचे मामा, वारले त्या दिवशीही ती आत गेली, आणि बाहेर आल्यावरचं पहिलं वाक्य होतं, "चहाचं आधण ठेवा, लोक येतील."

तिचं एक ठरलेलं बोलणं आहे. "तीन गोष्टी पडद्याआड करायच्या. कपडे बदलणं, मत देणं आणि देवाशी बोलणं. उघड्यावर केलं की तिन्हींचा तमाशा होतो."

आत्या जुन्या पक्षाची. पक्षाचं कागदावरचं नाव लांबलचक आहे, पण सगळे त्याला जुना पक्षच म्हणतात, त्या पक्षातले लोकसुद्धा, आणि जरा तोऱ्यात म्हणतात. तिची मतं पक्षापेक्षाही जुनी. "पाडायला अक्कल लागत नाही, एक पहार पुरते. उभं करायला पिढी जाते." सरकारनं रस्ते झाडावेत, दिवे लावावेत, चोर धरावेत आणि लोकांच्या घरात नाक खुपसू नये. पोरांनी मोठ्यांसमोर पाय पसरून बसू नये. आठवड्यातला एक वार देवाचा, त्या वारी मशीनला हात लावायचा नाही, मग गिऱ्हाईक दारात लोळण घेवो. जुना पक्ष त्या वारी बाजार बंद ठेवा म्हणायचा, म्हणून ती तरुणपणी त्या पक्षात गेली आणि तिथंच राहिली.

तिचं सगळं मला पटतं असं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीनं घरच्यांना न विचारता लग्न केलं, तर ही बाई लग्नाला आली नाही. माझी आई पाया पडायची बाकी राहिली होती. नाही म्हणजे नाही. पुढं बहिणीला मूल झालं तेव्हा मात्र गाठोडंभर झबली आणि टोपडी पाठवली, आणि वर निरोप, "पोराचा काय दोष." बहिणीनं झबली ठेवली आणि निरोप परत पाठवला. त्या दोघी अजून बोलत नाहीत.

दुसऱ्या मशीनवर बसते ती आत्याची सून. ही नव्या पक्षाची. तिला देव नाही, वार नाही, आणि सासूचं एक मत पटत नाही. तरी दोघी एकाच टेबलावर समोरासमोर वर्षानुवर्षं काम करतात, आणि मशीनच्या आवाजावर आवाज चढवून भांडतात.

"अहो आई, तुमच्या पक्षाला आता कवळी बसवा, दात पडले सगळे."

"तुमच्या पक्षाला अजून यायचेत. बाही उलटी लावलीस बघ, बोलण्याच्या नादात."

असं चालायचं. गिऱ्हाइकं कपड्यांपेक्षा हे ऐकायला जास्त बसायची.

आत्याची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. देवाचं नाव असलेला कागद ती रद्दीत टाकत नाही. तिच्या आईची रीत, आणि आईच्या आईची. पाकीट असो, आमंत्रण असो, नावाचा तुकडा दिसला की ती पुसलेल्या हातानं उचलते, कपाळाला लावते आणि कपाटावरच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. डबे भरतात, ती नवा डबा आणते. सून म्हणते, "कपाट एक दिवस देवाच्या वजनानं खाली येणार." पण तीही तो डबा सरकवताना हात पुसते, हे मी पाहिलेलं आहे.

जुन्या पक्षाचे झेंडे आत्याच शिवायची. मातकट कापड, मधून पांढरा पट्टा, काठी घालायला एका कडेला नेफा. वर ना अक्षर, ना चित्र. सभा संपली की आत्या पोतं घेऊन मैदानात फिरायची. पडलेले झेंडे गोळा करायचे, घरी आणून धुवायचे, इस्त्री करून पक्षाच्या ऑफिसात पोचते करायचे, पुढच्या सभेला पुन्हा तेच. कुणी सांगितलं नव्हतं तिला. "कापड माझ्या हातचं आहे, मातीत कसं टाकू," एवढंच.

तिचा मुलगा, आमचा दादा, तिच्याच बोटाला धरून पक्षात गेला. सरळ माणूस. सभेच्या खुर्च्या मांडायच्या, कर्ण्याची वायर ओढायची, म्हाताऱ्या मतदारांना हाताला धरून आणायचं, आणि भाषण दुसऱ्यानं करायचं. आपल्या वॉर्डातून एकदा उभं राहायचं एवढंच त्याच्या मनात होतं. दर निवडणुकीला त्याला पाठीवर थाप मिळायची आणि तिकीट दुसऱ्याला. या वेळी मात्र त्याचं नाव चर्चेत होतं. स्वतःच्या फोटोची पोस्टरं त्यानं आधीच छापून घेतली होती आणि वरच्या खोलीत लपवली होती. सगळ्या गल्लीला ते माहीत होतं.

तेवढ्यात पक्षाला नवा अध्यक्ष मिळाला. हा आधी साबणाच्या जाहिराती करायचा. आत्यानं पहिल्याच दिवशी त्याचं नाव साबणवाला ठेवलं, आणि ते चिकटलं.

एका दुपारी साबणवाला दादाला घेऊन दुकानात आला. इस्त्रीचा सदरा, हसरा चेहरा. टेबलावर बूड टेकवून बसला. कातरायच्या टेबलावर कुणी बसलेलं आत्याला चालत नाही. तिनं त्याच्या मांडीखालचं कापड सर्रकन ओढून घेतलं. तो उठला.

"मावशी, झेंडा जरा बदलतोय आपण."

"का? विटला?"

"विटला नाही, पण बोलत नाही हो. झेंडा बोलला पाहिजे."

"झेंडा बोलायला लागला तर तुम्हाला काय काम उरणार?"

सून मशीनवर वाकून हसली. दादा खोकला. साबणवाल्यानं कागदाची गुंडाळी टेबलावर पसरली. तोच मातकट रंग, तोच पांढरा पट्टा, आणि पट्ट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ठळक अक्षरात देवाचं नाव.

आत्यानं आधी हात पुसले. मग चष्मा लावला. बघितलं, चष्मा काढला.

"हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"वरून आलंय, मावशी."

"किती वरून? त्याच्याकडून की तुमच्या ऑफिसातून?"

"तुम्ही इतक्या श्रद्धाळू. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल."

"एक विचारते तेवढं सांगा. सभा संपल्यावर झेंडे कुठं जातात?"

साबणवाल्यानं दादाकडं पाहिलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. मला राग आला तो तिथं. पक्षाचा अध्यक्ष, आणि सभा संपल्यावर मैदानात काय उरतं हे या माणसानं एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं.

"आई गोळा करते," दादा खाली बघत म्हणाला.

"आणि मला सापडत नाहीत ते? गटारात उडालेले? कुणी बूड टेकायला घातलेले? कुणी गाडी पुसायला नेलेले? त्यांच्यावरही हेच नाव असणार ना?"

"मावशी, इतका विचार केला तर राजकारण होत नाही."

"मग करा बिनविचाराचं. त्याला कशाला ओढता मध्ये?"

तो हसतच राहिला. साबणाचा फेस कसा, पाणी ओता, आणखी वाढतो. म्हणाला, सभा जवळ आली आहे, देवाच्या वारीही मशीन चालवावं लागेल, पण काम देवाचंच आहे, तेव्हा त्या वारी केलं तर उलट पुण्यच.

"देवानं मला ऑर्डर दिलेली नाही," आत्या म्हणाली. "तुम्ही दिलीत. आणि तुमची मी घेत नाही."

साबणवाल्यानं गुंडाळी उचलली. दारात थांबून दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तुझं नाव अगदी वर आहे बरं का. पण घरातच ऐकत नाहीत म्हटल्यावर वॉर्ड कसा ऐकणार, असं विचारतील मला लोक."

तो गेला आणि दादा फुटला. मी त्या दिवशी पँटची चेन बदलून घ्यायला गेलो होतो, आणि त्या मायलेकांच्या मध्ये सापडलो.

"आई, कापडाचा तुकडा आहे तो!"

"मग कोराच राहू दे."

"तुझं काय जातं? टीप तर मारायची आहे."

"माझं काय जातं ते माझ्याजवळ आहे. तुझं काय जातं ते बोल."

"माझं सगळं जातं! इतकी वर्षं खुर्च्या उचलल्या मी. कधी एक खुर्ची मला बसायला मिळाली का? आता मिळतेय तर तू नेमकी पाय अडकवतेस. हे सगळं देव बघत असेल तर त्याला तरी माझी कीव येत असेल."

आत्यानं हातातली कात्री टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "येत असेल. पण मी तुला त्याच्या नावाची शिडी करून देणार नाही. चढताना पाय कुठं पडतो बघ जरा."

सुनेनं मशीन थांबवलं. "आमच्या पक्षात ही भानगडच नाही. देवच नाही."

"म्हणून तुमच्या सभेत चार डोकी असतात," आत्या.

"आई, मी तुमच्या बाजूनं बोलतेय हो."

"मग नीट बोल."

मीही तोंड घातलं. म्हटलं, "आत्या, दादासाठी एकदा शिवून टाक. गोळा तर तूच करणार आहेस. एकही मागं ठेवू नकोस, म्हणजे..."

"म्हणजे देवाला आधी मातीत टाकायचं आणि मग मी उचलायचं? तुझी चेन झाली. घे आणि नीघ."

साबणवाल्याचं काय अडलं होतं! झेंडे बाहेरून छापून आले. पातळ, चकचकीत, हातात धरलं की चुरचुर वाजणारं कापड. नेफा सुद्धा शिवलेला नाही, गोंदानं चिकटवलेला. आत्याला एक आणून दाखवला कुणीतरी. तिनं अक्षरावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "शिवलं असतं तर चुकल्यावर उसवता आलं असतं. छापलेलं उसवत नाही. आता हे असंच राहणार, जिथं पडेल तिथं."

सभेला ती गेली. मला वाटलं होतं जाणार नाही. पण पक्षाची सभा आणि कात्रीबाई पहिल्या रांगेत नाही, असं कधी झालेलं नव्हतं. हातात झेंडा नव्हता, नेहमीची पिशवी होती. सून शेजारी बसली, मजा बघायला आले म्हणाली. दादा मंचाच्या मागं वायर धरून उभा.

साबणवाला बोलायला उठला. गटारं, दिवे, शाळा, बाजार बंदचा वार, कशाचं नाव नाही. देव, देव आणि देव. तेही काय, तर देव जणू याच्या घरी जेवून गेला आहे आणि निघताना मतदारांसाठी निरोप ठेवून गेला आहे. आणि मग हात उंच करून म्हणाला, "ज्याच्या हातात आज हा झेंडा नाही, त्याच्या मनात देव नाही!"

सगळं मैदान झेंड्यांनी भरलेलं. पहिल्या रांगेत एकाच बाईचे हात रिकामे. बाजूच्या बायकांनी वळून बघितलं. ज्या बाईनं देवाच्या वारासाठी हातातलं काम सोडलं, गिऱ्हाइकं सोडली, पोटच्या पोराचा राग ओढवून घेतला, तिच्या मनात देव नाही! आणि हे कोण सांगतंय, तर काल-परवापर्यंत साबणानं पाप सोडून बाकी सगळं धुतलं जातं असं सांगणारा माणूस. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तर फारसा देवाचा माणूसही नाही. आत्या मात्र ताठ बसून राहिली. फक्त पिशवीचे बंद तिनं बोटाला असे गुंडाळले की बोटं पांढरी पडली.

सभा सुटली. लोक उठले आणि झेंडे खाली पडले. लोक वाईट होते असं नाही. हात भरलेले असतात, पोर कडेवर असतं, गर्दी ढकलते. झेंडा खाली पडतो, आणि मागच्याचा पाय त्याच्यावर. पाण्याच्या टँकरखाली चिखल झाला होता, तिथं कुणी तरी बूट भरू नयेत म्हणून झेंडे अंथरले. टेम्पोचा ड्रायव्हर झेंड्यानं काच पुसत होता, आणि काच पुसून झाल्यावर त्याच झेंड्यात त्यानं नाक शिंकरलं. देवाचं नाव उन्हात चकचकत होतं. चांगली शाई होती, पुसली जात नव्हती.

आत्यानं पिशवीतनं पोतं काढलं. वाकली. एक झेंडा उचलला, झटकला, प्रसाद घ्यावा तसा दोन हातांनी धरून पोत्यात ठेवला. दुसरा उचलला. लोकांच्या पायातून, खुर्च्यांखालून, चिखलातून. टेम्पोवाल्यासमोर जाऊन नुसता हात पुढं केला. त्यानं मुकाट्यानं दिला.

सून कंबरेवर हात ठेवून बघत उभी होती. "गुडघे दुखतायत म्हणून काल जिना चढत नव्हता," ती ओरडली.

"दुखतायतच."

"मग व्हा बाजूला!" आणि ती स्वतः वाकली. मला म्हणाली, "बघता काय भावोजी, हातगाडी आणा."

पोती भरली. मंचामागं दादा वायर गुंडाळत होता. त्यानं आईला चिखलात वाकलेलं पाहिलं, आणि तोंड फिरवून गुंडाळतच राहिला.

आत्यानं हातगाडी घराकडं वळू दिली नाही. "ऑफिसात," म्हणाली. पक्षाचं ऑफिस म्हणजे बाजारातली एक लांबट खोली, टेबलं, खुर्च्या, भिंतीवर गेलेल्या अध्यक्षांचे फोटो. आत काही जुने सभासद चहा पीत बसले होते. आत्या शिरली आणि झेंडे रचायला लागली. टेबलावर, बाकावर, खुर्च्यांवर. जमिनीवर एकही नाही. शेवटचा गठ्ठा साबणवाल्याच्या खुर्चीवर.

साबणवाला आला तेव्हा त्याला उभं राहायलाच जागा होती.

"मावशी! हे काय?"

"देव आलाय. बसायला जागा द्या म्हटलं."

"अहो, ही घाण..."

"काय म्हणालात?"

चहाचे कप थांबले. जुने सभासद त्याच्याकडं बघायला लागले. ही माणसं फार शिकलेली नव्हती, फार शूरही नव्हती, सभेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पण त्यांच्याही आया होत्या, आणि त्यांच्याही कपाटांवर कुठं ना कुठं पत्र्याचे डबे होते. एक म्हातारा हमाल बाकावरच्या गठ्ठ्याशेजारून हळूच उठून उभा राहिला.

"मला एवढंच सांगा," आत्या म्हणाली, "यांचं काय करायचं? धुऊन पुन्हा वापराल, तर पुन्हा पायाखाली जातील. कापून पुसणी करायची, तर या नावावर मी कात्री चालवणार नाही. तुम्ही चालवा, माझी देते. जाळायचे, तर काडी तुम्ही लावा. कचऱ्यात टाकायचे, तर उचला तुमच्या हातांनी आणि टाका. मी अडवणार नाही, कुणीच अडवणार नाही. उचला."

साबणवाल्यानं हात पुढं केला. सगळे बघत होते. हात मागं घेतला आणि हसला. या वेळी फेस आला नाही.

त्यानंतर ऑफिसात बैठक होईना. बसणार कुठं? सभासद यायचे, दारात थबकायचे, आणि काम आठवल्यासारखं करून परत जायचे. बाजारात चेष्टा सुरू झाली. "काय म्हणतं ऑफिस?" "देवाच्या ताब्यात आहे." तिकिटांची घोषणा जवळ आली होती आणि अध्यक्षाला बूड टेकायला जागा नव्हती.

मग त्यानं दादाला बोलावलं. हे दादानंच मला पुढं सांगितलं. साबणवाला त्याला म्हणाला, "तुझ्या आईनं केलंय, तू निस्तर. सकाळी कचऱ्याची गाडी येते मागच्या गल्लीत. सगळं त्यात गेलं पाहिजे. दुपारच्या यादीत तुझं नाव घालतो."

सकाळी दादानं ऑफिसातले झेंडे पोत्यांत भरले, पोती हातगाडीवर घातली आणि मागच्या गल्लीत नेली. कचऱ्याची गाडी उभी होती, झाकण उघडं, माशा घोंघावत होत्या. त्यानं पहिलं पोतं खांद्यावर घेतलं. ऊन होतं, पोतं जड, चिखलानं जास्तच. घाम डोळ्यात उतरला. पोत्याच्या तोंडातनं एक झेंडा लोंबत होता, दादानं सवयीनं त्याचं टोक ओढलं आणि कपाळ पुसलं. आणि कापड कपाळाला लागलं तसा तो थांबला. त्याची आई रोज कागदाचा तुकडा कपाळाला लावते, अगदी तसंच लागलं होतं ते. गाडीवाला म्हणाला, "टाकताय ना साहेब?" साहेब! आयुष्यात त्याला पहिल्यांदा कुणी साहेब म्हटलं, ते तिथं.

आम्ही दुकानात होतो तेव्हा बाहेर हातगाडी आदळल्याचा आवाज झाला. दादा आत आला, पोतं आत्याच्या टेबलावर टाकलं. मग दुसरं. तोंड लालबुंद.

"घे. तुझा देव घे. सांभाळ त्याला. माझं काय व्हायचं ते झालं."

आणि जिना चढून वर गेला. त्यानं खालून ऐकू येईल इतक्या जोरात दार लावलं.

दुपारी यादी लागली. तिकीट साबणवाल्याच्या मेव्हण्याला. तो या वॉर्डात राहतही नाही. ज्या माणसानं वर्षानुवर्षं या वॉर्डातल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून मतदानाला नेलं तो घरात, आणि ज्याला आमच्या गल्लीचं गटार कुठं तुंबतं हे माहीत नाही तो उमेदवार. आणि हे सगळं देवाचं नाव घेऊन. मला शिव्या येतात त्या इथं लिहिता येत नाहीत. आत्यानं यादी ऐकली आणि बटणं लावत राहिली. त्या दिवशी तिनं एका शर्टाची बटणं उलट्या बाजूला लावली. सुनेनं पाहिलं. टोमणा मारायची आयती संधी होती. तिनं शर्ट उचलला आणि गुपचूप उसवायला घेतला.

झेंडे ठेवायला दुकानात एकच जागा होती, पडद्याची खोली. खालून वरपर्यंत गठ्ठे लागले. गिऱ्हाईक आलं की सून म्हणायची, "घरी जाऊन घालून बघा, आत देव आहे." काही हसायचे, काही दुसऱ्या शिंप्याकडं जायचे.

मतदानाचा दिवस आला. आत्या सकाळीच जाऊन आली. सून वाटच बघत होती.

"काय हो आई, या वेळी तरी शहाणपण केलं का? की त्या मेव्हण्यालाच?"

"मत पडद्याआड दिलंय."

"एवढं होऊन तुम्ही जुन्याच पक्षात?"

"पक्ष माझा आहे. वाईट भाडेकरू आला म्हणून कुणी घर विकतं का?"

"भाडेकरूच घर विकायला निघालाय, ते बघा आधी."

आत्यानं वाक्य कापलं नाही. ती उठली आणि देवाशी बोलायला कोपऱ्याकडं गेली. पण आत उभं राहायला जागा कुठं? ती तिरकी झाली, पोट आत ओढलं, गठ्ठ्यांना पाठ टेकवून कशीबशी शिरली. पडदा ओढला तर अर्ध्यावर अडला. निम्मी आत्या आत, निम्मी दुकानात. पुन्हा ओढला. पुन्हा अडला.

"आता काय करायचं रे?" ती कुणाला म्हणाली कळलं नाही. आतल्याला असावं.

सून उठली. तोंडात टाचण्या धरल्या, पडद्याची कड खेचून शेजारी भिंतीवर टांगलेल्या कापडाला टोचायला लागली. तरी बोटभर फट राहिलीच.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दादा खाली आला. यादी लागल्यापासून तो आईशी बोललेला नव्हता. आजही बोलला नाही. पडद्याजवळ आला, हात सदऱ्याला पुसले, टोचलेल्या टाचण्या काढल्या, आणि पडद्याआडून हात घालून वरचे दोन गठ्ठे काढून काखेत मारले.

"कुठं नेता?" सून म्हणाली.

"वर. पोस्टरं टाकली आज रद्दीत. जागा झालीय कपाटावर."

"आपल्या खोलीत? म्हणजे मी आता देवाच्या पहाऱ्यात झोपायचं?"

"तू घोरतेस, त्यालाच झोप येणार नाही," दादा म्हणाला आणि आणखी दोन गठ्ठे घ्यायला वळला.

आतून आत्याचा आवाज आला. "खालचे नको काढू, ढासळतील. वरून घे, वरून."

त्यानं वरून घेतले. खेपा करत राहिला. थोड्या वेळानं पडद्याच्या कड्या सर्रकन वाजल्या आणि पडदा पूर्ण लागला. सुनेनं तोंडातल्या टाचण्या काढून डबीत टाकल्या आणि मशीनवर बसली, पण आतलं बोलणं होईपर्यंत मशीन सुरू केलं नाही.